झुको नेमका कुठे बदलतो? ‘अवतार’च्या वीस भागांची यादी करतेय, मदत करा

खाडीपलीकडे (ऐरोली) | शनिवार, रात्री ९:४०

आधीच सांगते, शेवटापर्यंतचं सगळं इथे फुटणार आहे. मालिका पाहिली नसेल तर इथूनच मागे फिरा. आणि हा निळ्या माणसांचा ‘अवतार’ नव्हे. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’, निकलोडियनची २००५ ते २००८ मधली ॲनिमेशन मालिका. जल, पृथ्वी, अग्नी अशी तीन पर्वं, २० + २० + २१ मिळून ६१ भाग. झुको म्हणजे अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र, चारही तत्त्वं वश करणाऱ्या ‘अवतारा’ला, म्हणजे आंग नावाच्या मुलाला, पकडायला निघालेला.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चार रविवार मिळालेत. मुलं आठवी ते बारावीची, त्यातली बरीचशी एकांकिका लिहू पाहणारी. विषय एकच ठेवलाय: पात्र बदलतं, ते कागदावर कसं उतरवायचं. भागाला २३ मिनिटं धरली तर अख्खी मालिका २३ तासांच्या वर जाते. आपल्याकडे दर रविवारी दोन तास बघायला, एक तास बोलायला. म्हणजे बैठकीला पाच भाग, एकूण वीस. आंगचे सोबती सोका आणि टॉफ यांची धमाल कापावी लागणार, इलाज नाही. फक्त झुकोचा माग धरायचा.

कच्ची यादी (पर्व-भाग):
पहिला रविवार: १-१, १-२, १-३, १-१२, १-१३
दुसरा: १-२०, २-१, २-७, २-९, २-१७
तिसरा: २-१८, २-२०, ३-५, ३-६, ३-११
चौथा: ३-१२, ३-१३, ३-१६, ३-१९, ३-२१

दोन प्रश्न. तो बदलला हे आपल्याला पटतं, तो क्षण कुठला धरायचा? आणि यादीत काय चुकतंय?

---

तलावपाळी | शनिवार, रात्री १०:०५

ताई, १-१२ ला हात लावू नका. पात्राचा भूतकाळ कसा सांगावा याचा तो अख्खा धडा आहे.

त्यात दोन गोष्टी आलटून पालटून चालतात. गुहेत आंग स्वतःची गोष्ट सोबतीण कटाराला सांगतो: अवतार असल्याचं कळलं, गुरूपासून तोडणार हे ऐकलं आणि तो पळाला. तिकडे जहाजावर आयरोकाका खलाशांना झुकोची गोष्ट सांगतात: युद्धसभेत नवख्या सैनिकांचा बळी द्यायचा बेत ठरला, झुको मध्ये बोलला, अग्नि-काई या द्वंद्वाला उभा राहिला. समोर सेनापती येईल असं त्याला वाटत होतं. आला बाप. झुकोने लढायला नकार दिला आणि डावा डोळा भाजून घेतला. तेव्हा वय १३.

आता हे बघा. आंग आपली गोष्ट स्वतः सांगतो, झुकोची मात्र दुसराच कुणी सांगतो, तीही तो खोलीत नसताना. स्वतः सांगितली असती तर ती कैफियत झाली असती आणि आपण म्हटलं असतं, ‘बरं, मग?’ काका सांगतात म्हणून ती माहिती राहते, दया मागत नाही.

आणि तिचा हिशेब त्याच भागात चुकता होतो. सुरुवातीला झुको म्हणतो, खलाशांच्या जिवापेक्षा अवतार महत्त्वाचा. मग वादळात सुकाणूवाला लटकतो, झुको शिडी चढून त्याला धरतो. लगेच वर आकाशात आंगचा उडता गवा अप्पा दिसतो, म्हणजे तीन वर्षांची शिकार नजरेसमोर, आणि तो म्हणतो जाऊ दे, आधी जहाज वाचवा. भाषण नाही, पश्चात्ताप नाही. एक आज्ञा फक्त.

मुलांसाठी: खलाशांशी भांडण होतं तिथे पॉज करा, झुकोबद्दल तीन विशेषणं लिहून घ्या. भाग संपल्यावर त्याच चिठ्ठीच्या मागे पुन्हा तीन. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की वेगळं शिकवावं लागत नाही.

---

पिवळा_सिग्नल (घोडबंदर रोड) | शनिवार, रात्री १०:३१

+१. माझी भर केसांची. हसू नका.

पहिल्या पर्वात डोकं तासलेलं आणि मागे उंच शेंडी. २-१ च्या शेवटी काका-पुतणे सुरीने शेंड्या कापून नदीत सोडतात. दुसऱ्या पर्वभर केस भागाभागाने वाढत जातात. तिसऱ्या पर्वात राजवाड्यात परतल्यावर पुन्हा बांधलेला अंबाडा, वर राजपुत्राचं चिन्ह. ३-११ मध्ये बापासमोर उभा राहतो तेव्हा केस मोकळे. शेवटी राज्याभिषेकाला पुन्हा अंबाडा, पण आता तो त्याचा स्वतःचा. आवाज बंद करून नुसते केस बघितले तरी कथेत कुठवर आलोय ते कळतं.

त्याच २-१ मध्ये झुकोच्या बहिणीची, अझुलाची एन्ट्री आहे. जहाजावर विजेचा सराव चाललाय, सगळं जवळजवळ अचूक, फक्त एक बट कपाळावर सुटते. जवळजवळ चालणार नाही, म्हणते ती. पुढे ३-२० मध्ये आरशासमोर हीच मुलगी स्वतःचे केस वेडेवाकडे कापते. एकाच भागात भावाबहिणीच्या केसांची दोन सुतं सुरू होतात आणि ३९-४० भागांनी टोकाला पोचतात. २-१ यादीत आहे, छान. फक्त मुलांना सांगा की बट बघा.

अवांतर: सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. या पोराने सुंभच नदीत सोडला, पीळ मात्र पुढचे ३० भाग पुरला.

---

तर्री_वेगळी (नौपाडा) | रविवार, सकाळी ८:१५

दुसऱ्या रविवारची मांडणी बदला. २-२० तिसऱ्या आठवड्याच्या मध्यात टाकलाय, तिथे तो फुकट जातो. दुसरी बैठक २-२० वरच संपली पाहिजे. पोरं चिडून घरी गेली पाहिजेत, आठवडाभर.

माझ्या मते पटण्याचं मूळ तिथेच आहे, आणि ते उलटं आहे. २-१७ ला तो अप्पाला सोडतो, निळा मुखवटा तळ्यात टाकतो. २-१८ ला तापाने फणफणतो, स्वप्नात दोन ड्रॅगन बोलतात, एक अझुलाच्या आवाजात, एक काकांच्या. बरा होतो, हसतो, चहाच्या दुकानात राबतो. कुठलाही साधा लेखक इथे ‘सुधारला’ म्हणून शिक्का मारून मोकळा झाला असता. इथे २-२० मध्ये बहीण येते, घर आणि मान देऊ करते, आणि हा काकांना सोडून तिच्या बाजूने उभा राहतो. ६१ पैकी ४० वा भाग, दोन तृतीयांश प्रवास झालेला. सुधारणेचा ताप उतरला की माणूस जुन्या सवयीवरच जातो, हे इतकं सरळ दाखवणं लहान मुलांच्या मालिकेत कठीण.

त्यात पाण्याची कुपी बघा. उत्तर ध्रुवाच्या पवित्र तळ्याचं पाणी कटाराला २-१ मध्ये मिळतं. थोडंसंच, एकदाच वापरता येईल असं. २-२० मध्ये स्फटिकांच्या गुहेत ती ते झुकोच्या चट्ट्यासाठी देऊ करते, हात त्याच्या गालावर असतो. तेवढ्यात भिंत फुटते. मग तो उलटतो, अझुलाची वीज आंगला लागते आणि तेच पाणी आंगला जगवायला खर्च होतं. त्याचा चट्टा बरा झाला असता तर आंग मेला असता. लेखकांनी हे कुणाच्याही तोंडी घातलेलं नाही. आपण हिशेब मांडला तरच दिसतो.

म्हणून १-१ आणि १-२ काढा. ती दहा मिनिटांत तोंडी सांगून होतात.

---

जुईनगरी | रविवार, सकाळी ११:२०

तर्री, २-२० महत्त्वाचा हे कबूल, पण तिथे तो बदलत नाही, चुकतो. बदल पुढे आहे, आणि तो भागच ताईंच्या यादीत नाही. ३-९.

लोक ३-९ ला आंगच्या झोपमोडीचा विनोदी भाग समजतात, ते खरंही आहे. पण त्यातलं झुकोचं उपकथानक आठवा. युद्धसभा आहे आणि आपल्याला बोलावणं नाही म्हणून तो धुमसतोय. मग निरोप येतो की सगळे थांबलेत, राजकुमार आल्याशिवाय अग्निराज सभा सुरू करणार नाहीत. आत जातो तर जागा बापाच्या उजव्या हाताला. बाहेर येतो तेव्हा चेहरा पडलेला. त्याची मैत्रीण मे विचारते, तर म्हणतो, मी अगदी हवा तसा राजपुत्र होतो, बापाला हवा तसा मुलगा होतो, पण मी मी नव्हतो.

हे १-१२ च्या शेजारी ठेवा. खोली तीच. तेव्हा निमंत्रण नसताना घुसला, बोलला आणि डोळा भाजून घेतला. आता मानाने बोलावलं, शेजारी बसवलं, आणि त्याने अन्यायाला विरोध केला नाही. त्या सभेत काय ठरलं ते ३-१८ पर्यंत आपल्याला सांगतच नाहीत: धूमकेतूच्या दिवशी अख्खं पृथ्वीराज्य जाळायचं. वर तो बेत झुकोच्याच एका वाक्यातून निघालेला, की त्या लोकांकडे आशा आहे तोवर ते काहीही सोसतील.

झुको पटतो तो यामुळे. लेखकांनी त्याचं मागणं अडवून धरलं नाही, देऊन टाकलं. घर, मान, बापाची शाबासकी, मैत्रीण, सभेतली खुर्ची, सगळं. मग त्या खुर्चीत बसल्यावर त्याला काय वाटतं ते दाखवलं. आपल्या एकांकिकांत पात्र हरतं आणि मग शहाणं होतं. हरलेल्याचं शहाणपण स्वस्त असतं हो, त्याच्याकडे दुसरं उरलेलं काय असतं?

तिसरा रविवार असा करा: ३-१ (घरी परतणं, बाप म्हणतो अभिमान वाटतो), ३-६, ३-९, ३-११, ३-१२. मागणं, मिळणं, रितेपण, सोडणं, दार ठोठावणं.

---

खाडीपलीकडे (ऐरोली) | रविवार, दुपारी १२:०२

जुईनगरी, हे डोक्यातच आलं नव्हतं. ३-९ घेते. पण मग ३-५ जातो. समुद्रकिनाऱ्यावरच्या शेकोटीशी चौघं (झुको, अझुला, मे आणि अझुलाची मैत्रीण टाय ली) भांडतात, तो प्रसंग सोडवत नाही. ‘तू कोणावर चिडलायस’ विचारल्यावर सगळ्यांची नावं संपतात आणि मग ‘स्वतःवर’ निघतं.

---

जुईनगरी | रविवार, दुपारी १२:१०

तेवढी शेकोटीच दाखवा, अख्खा भाग नको. पण खरं सांगू का, तो प्रसंग मला थोडा कच्चा वाटतो. चारही पात्रं ओळीने आपापली जखम सांगतात, समुपदेशनाच्या गटात बसल्यासारखी. १-१२ मध्ये जे टाळलं तेच इथे केलंय. मुलांना दोन्ही दाखवून विचारा, कुठलं जास्त लागलं.

---

सातवं_चक्र (नेरूळ) | रविवार, दुपारी ३:४५

वाचतोय. सुरेख धागा. पण आंगला सात चक्रं उघडायला शिकवणाऱ्या पाथिक गुरूंना वगळून तुम्ही आपल्याच घरचा माणूस दारात उभा केलात. २-१९!

हा भाग आपल्याकडच्या मुलांना वेगळा भिडतो कारण चक्रांची नावं नाही तरी क्रम ओळखीचा आहे. मूलाधार-पृथ्वी, स्वाधिष्ठान-जल, मणिपूर-अग्नी, अनाहत-वायू हे परंपरेतलंच. विशुद्धाला आपल्याकडे आकाशतत्त्व, आणि आकाशाचा गुण शब्द. मालिकेत तिथे ‘ध्वनी’ आहे, म्हणजे अभ्यास बरा केलाय. वरची दोन त्यांनी प्रकाश आणि विचार अशी घेतलीत.

भीती, अपराधभाव, लाज, शोक, असत्य, भ्रम, आसक्ती ही अडथळ्यांची यादी मात्र पटकथेची सोय आहे, आणि फार हुशार सोय. प्रत्येक चक्र उघडताना आंगला मागची एकेक घटना आठवते. लाजेच्या चक्राला तो आठवतो की १-१६ मध्ये आगीशी खेळताना कटाराचे हात भाजले होते. म्हणजे दोन पर्वांची उजळणी होते आणि कुणाला ती उजळणी वाटत नाही. सातव्याला आसक्ती सोड म्हटल्यावर मुलगा उठून चालू पडतो. गुरू समोर कांदा-केळ्याचा रस घेऊन बसलेले, आणि विद्या अर्धवट.

लिहिणाऱ्यांनी ही युक्ती उचलावी: मागची घटना पुन्हा सांगायची असेल तर ती एखाद्या अडथळ्याला बांधा. नुसतं ‘तुला आठवतंय का’ म्हणून सुरू केलेला फ्लॅशबॅक प्रेक्षकांना मोबाइल काढायची सूचना असते.

---

तर्री_वेगळी (नौपाडा) | रविवार, दुपारी ४:०२

२-१९ घ्यायचा तर काय काढायचं तेही सांगा की राव. वीस म्हणजे वीस.

---

सातवं_चक्र (नेरूळ) | रविवार, दुपारी ४:१०

२-९ काढा. नुसतं प्रशिक्षण आहे.

---

पिवळा_सिग्नल (घोडबंदर रोड) | रविवार, दुपारी ४:२६

२-९ काढलात तर मालिकेचा शेवटच लंगडा होईल हो!

आयरो झुकोला वीज वळवायला शिकवतात तो भाग. वीज बोटांतून आत घ्यायची, हातातून खांद्यात, खाली पोटात, परत वर दुसऱ्या खांद्यातून बोटांबाहेर. हृदयातून जाऊ द्यायची नाही. ही कला काकांनी जलविद्येचा अभ्यास करून बसवलेली, म्हणजे शत्रूकडून शिकलेली. झुको म्हणतो मारा माझ्यावर वीज. काका नकार देतात, तुझ्यावर ही वेळच येऊ नये म्हणतात. तो डोंगरावर जाऊन आकाशाला आव्हान देतो, वीज काही पडत नाही.

आता वसुली मोजा. ३-११: बाप वीज मारतो, तो पोटातून फिरवून परत देतो. काकांनी जी वेळ येऊ नये म्हटलं ती बापानेच आणली. ३-१८: झुको हे आंगला शिकवतो. शेवटच्या लढतीत आंग झुकोच्या बापाची, ओझायची वीज झेलतो आणि त्याच्यावर न सोडता बाजूला सोडतो. न मारण्याचा निर्णय तिथे दिसतो, शब्दांशिवाय. आणि अझुलाशी द्वंद्वात वीज कटाराकडे जाते तेव्हा झुको झेप घेऊन मध्ये येतो. हवेत आहे, पाय टेकलेले नाहीत, पुरता मार्ग काढायला वेळ नाही. थोडी बाहेर टाकतो, बाकी अंगावर घेतो. एक तंत्र, चार वापर, आणि प्रत्येक वेळी वापरणाऱ्याबद्दल नवी गोष्ट कळते.

२-९ मध्येच टॉफ आंगला पृथ्वीविद्या शिकवते, तेही कामाचं. कटाराचं गोड बोलणं चालत नाही, कारण आंगची सवयच बाजूला सरकायची. वायूवाला आहे ना. हालचालींतही फरक आहे: वायूविद्या बा-ग्वा या गोल फिरणाऱ्या चिनी शैलीवर बेतलेली, पृथ्वीविद्या हुंग-गार या घट्ट पवित्र्याच्या शैलीवर, टॉफची तेवढी दक्षिणी प्रेइंग मँटिसवर. म्हणजे स्वभावाची अडचण पायांच्या ठेवणीत दिसते.

---

सातवं_चक्र (नेरूळ) | रविवार, दुपारी ४:४०

बरं, मागे घेतो. २-१९ मुलांना घरी बघायला सांगा, दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मधल्या आठवड्यात.

---

नाट्यवेडी_वाशी | रविवार, संध्याकाळी ६:५५

भाव्यांच्या नाट्यगृहात नाही तर गडकरीत, कुठेही बालनाट्य-एकांकिका बघा, पात्र बदलण्याच्या नावाखाली घोडं पेंड खातं ते ठरावीक ठिकाणी. याच मालिकेतले उतारे काढून दाखवते.

पहिलं म्हणजे भाषण ऐकून बदलणं. आजी-शिक्षक-साधू दोन मिनिटं बोलतात, मुलगा खाली मान घालतो, प्रकाश निळा होतो. आयरो दोन पर्वं बोलतायत आणि झुकोवर पालथ्या घड्यावर पाणी. पुढे तो बदलत जातो तेव्हा काका तुरुंगात आहेत आणि ३-६ सोडला तर त्याच्याशी बोलतही नाहीत. सल्ला मुरायला वेळ लागतो. म्हणून उपदेश देणारं पात्र बदलाच्या क्षणी मंचावर ठेवूच नका.

दुसरं, चांगलं काम केलं की लगेच बक्षीस. इथे उलट चालतं. मी मुलांकडून चार खणांचा तक्ता भरून घेते: हवं काय, केलं काय, मोजलं काय, पाहिलं कुणी. चौथा खण सगळे विसरतात. १-१३ मध्ये झुको आंगला अग्निराष्ट्राचाच सेनानी झाओ याच्या किल्ल्यातून सोडवतो, पण मुखवटा घालून, आणि हेतूही स्वार्थी: शिकार दुसऱ्याला मिळू नये. पाहिलं कुणी? फक्त आंगने. भागाच्या शेवटी तो बिछान्यात पडतो आणि भिंतीवरच्या आपल्याच राष्ट्राच्या चिन्हाकडे पाठ करतो, ते कुणीच पाहत नाही. २-७ मध्ये गावातल्या पोराला वाचवायला भर चौकात आगीने लढतो, पूर्ण नाव आणि पदवी सांगतो, आणि ज्याच्यासाठी लढला तेच पोर म्हणतं मला तुझा राग येतो. गुडघ्यावर बसून पुढे केलेली सुरी हातातच राहते. २-१७ ला पाहणारे फक्त काका. ३-११ ला पाहणारा बाप. साक्षीदारांची ही रांग लिहून काढली की आलेख आपोआप दिसतो.

तिसरं, बदलला की सगळ्यांनी मिठी मारायची. मालिकेत झुको ५१ व्या भागात घर सोडतो. म्हणजे शेवटचे दहा भाग माफीसाठी राखलेत, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी लावलीय. ३-१२ मध्ये तो आधी बेडकासमोर भाषणाची तालीम करतो. मग खऱ्या सभेत प्रामाणिकपणे सांगून बसतो की तुमच्यावर मारेकरी मीच सोडला होता, आणि स्वतःचीच केस बुडवतो. टॉफ रात्री समजून घ्यायला जाते तर दचकून तिचेच पाय भाजतो. बदललेला माणूस लगेच कुशल होत नाही, हे त्यात आहे. ३-१३ मध्ये तर आगच जाते. राग हेच इंधन होतं, राग संपला, इंधन संपलं. नवं इंधन शोधायला प्राचीन सूर्ययोद्ध्यांकडे आणि ड्रॅगनांकडे जावं लागतं. बदलाची अशी शारीरिक किंमत लावता आली तर लावाच. पूर्वी ज्या गोष्टीत पात्र पटाईत होतं ती त्याच्याकडून काढून घ्या.

कटारा सगळ्यात शेवटी, ३-१६. तिथली वाक्यरचना बघण्यासारखी: आईच्या मारेकऱ्याला ती मारत नाही, माफही करत नाही, पण झुकोला माफ करते. दोन माफ्यांची गल्लत होऊ दिलेली नाही.

आणि ३-१९. तंबूत काका झोपलेत, हा रात्रभर बसून आहे. सकाळी माफी मागायला लागतो, वाक्य पुरं व्हायच्या आत काका ओढून मिठीत घेतात. दोन पर्वं बडबडणाऱ्या माणसाची सगळ्यात चांगली जागा कृतीची आहे.

---

तलावपाळी | रविवार, संध्याकाळी ७:२०

वाचनखूण साठवली. ‘पाहिलं कुणी’ हा खण चोरतोय.

त्यात १-२० घाला. समुद्राचं दैवत झाओला धरतं तेव्हा झुको हात पुढे करतो. ज्याने त्याचं जहाज उडवून त्याला मारायचा डाव केला, त्याला. झाओ हात घेत नाही, बुडतो. पूल तोच, एकाने हात दिला, एकाने नाकारला.

---

कोबीवाला | रविवार, रात्री ९:१२

सगळे झुकोच्या प्रेमात आहात म्हणून मी वाईटपणा घेतो. अझुलावर लेखकांनी अन्याय केलाय. भावाला ६१ भाग, बहिणीचं कोसळणं दोन-तीन भागांत उरकलंय. ३-१५ मध्ये मे आणि टाय ली उलटतात, आणि ३-२० मध्ये ती चेरीच्या एका बीवरून दासीला हाकलते, सगळ्यांना हद्दपार करते, आरशात आई दिसते. मधले भाग कुठे गेले?

आणि आंगचा शेवट. ओझायला मारायचं की नाही हा पेच इतका छान उभा केला, आधीच्या चार अवतारांनी सल्ला दिला, आणि मग सिंह-कासव हा प्राचीन महाकाय प्राणी येऊन तिसराच मार्ग हातात ठेवतं. वर पाठीला दगड लागतो आणि बंद पडलेलं चक्र उघडतं. याला सोय म्हणतात.

---

जुईनगरी | रविवार, रात्री ९:३०

दगडाबद्दल सहमत, त्याचा बचाव होत नाही. आंगने तो अडथळा स्वतः ओलांडायला हवा होता, २-१९ मध्ये अर्धवट टाकलेला होता ना. सिंह-कासवाचं चित्र २-१० मध्ये ग्रंथालयात क्षणभर दिसतं, पण चित्र दिसणं म्हणजे पेरणी नव्हे. वीज वळवण्याचे नियम आधी सांगितले होते, शक्ती काढून घेण्याचे नाहीत. नियम आधी, वापर नंतर, हा क्रम मोडला की प्रेक्षक फसवल्यासारखा बसतो. मुलांसाठी हे सोन्यासारखं उदाहरण आहे: एकाच शेवटात एक पेरणी जमलेली, एक फसलेली.

अझुलाबद्दल अर्धं सहमत. बट २-१ पासून आहे, ३-५ मध्ये आई मला राक्षस समजायची हे ती जाता जाता बोलते. धागे आहेत, विणायला भाग कमी पडले.

---

तर्री_वेगळी (नौपाडा) | रविवार, रात्री ९:४१

कोबीवाले काका, मालिकेत ज्याचा कोबीचा गाडा दरवेळी मोडतो त्याचाच आयडी घेतलात, तेव्हाच वाटलं तुम्ही नुकसानीचीच बाजू घेणार.

---

खाडीपलीकडे (ऐरोली) | सोमवार, सकाळी ७:५०

रात्री बसून पक्की केली. फेरफार नको आता.

पहिला रविवार: १-३, १-१२, १-१३, १-२०, २-१. सुरुवातीला दहा मिनिटं तोंडी ओळख.
दुसरा: २-७, २-९, २-१७, २-१८, २-२०. संपल्यावर चर्चा नाही, चारच ओळी लिहायला: काकांनी आता काय करावं? घरी २-१९.
तिसरा: ३-१, ३-६, ३-९, ३-११, ३-१२. ३-९ च्या आधी १-१२ मधली युद्धसभा दोन मिनिटं पुन्हा लावायची. ३-५ ची शेकोटी चर्चेच्या तासात. ३-६ ला सांगायचं की १-१२ सारखीच दोन गोष्टींची वेणी आहे: आंग आधीचा अवतार रोकू याच्याकडून ऐकतो, झुको पणजोबा सोझिनचं मृत्युपत्र वाचतो, आणि शेवटी कळतं की रोकू त्याच्या आईचे आजोबा.
चौथा: ३-१३, ३-१६, ३-१९, ३-२०, ३-२१. मग कोबीवाल्यांचा मुद्दा चर्चेला.

तक्ता नाट्यवेडी ताईंचा, चार खणांचा. प्रत्येकी एकच पान, पाठपोट.

आयरोसाठी वेगळा भाग नाही बसला. २-१५ मधला त्यांचा तुकडा तरी लावेन, टेकडीवर मुलाच्या तसबिरीपुढे गाणं म्हणतात तो. खाली माको या कलाकाराच्या स्मृतीची पाटी येते. पहिल्या दोन पर्वांत काकांचा आवाज त्यांचाच, २००६ मध्ये गेले.

---

पिवळा_सिग्नल (घोडबंदर रोड) | सोमवार, सकाळी ८:१२

उत्तम. तांत्रिक सूचना: क्लबहाउसात फरशी-काचा असल्या की आवाज घुमतो, टीव्हीच्या स्पीकरवर कुजबुज ऐकूच येणार नाही. छोटा स्पीकर प्रेक्षकांच्या मध्यावर ठेवा, पडदे ओढा, खाली सतरंजी. सबटायटल्स चालूच ठेवा. पॉजच्या जागा मिनिटासकट आधी लिहून ठेवा, नाहीतर रिमोट शोधण्यात प्रसंग मरतो.

---

सातवं_चक्र (नेरूळ) | सोमवार, सकाळी ८:३०

आणि ठाण्याहून येणाऱ्यांसाठी: रविवारी ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा. पहिला भाग चुकला तर चिठ्ठीची पहिली बाजू कोरी राहील.

---

कोबीवाला | सोमवार, सकाळी ९:०५

चौथ्या रविवारी मी येतो. अझुलाची वकिली करायला कुणीतरी हवंच. १-५ चा ओमाशूतला गाडा दाखवणार नसाल तरी चालेल.